दोन वह्या

तिसऱ्या सत्रात सिग्नल्सच्या तासाला सरांनी फळ्यावर फूरिए सिरीज लिहिली, म्हणजे साइन तरंगांची बेरीज करून हवा तो तरंग बनवण्याची रीत. चौकोनी तरंग हवा असेल तर एक साइन तरंग घ्या, त्यात तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारतेचा साइन तरंग मिळवा, मग पाचवा, मग सातवा. असे विषम हार्मोनिक मिळवत जा, प्रत्येकाची उंची त्याच्या क्रमांकाने भागत जा. पदं वाढतील तसा चौकोन उभा राहतो. मी हात वर केला. "सर, ही अनंत पदांची बेरीज त्या चौकोनाकडेच जाते हे कशावरून?" सर क्षणभर थांबले. "प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले, "पण आपल्या कामापुरतं, जाते असं धरून चला."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्याच तासात फिल्टर संपवायचा होता आणि दुपारी प्रॅक्टिकलला आम्हाला तोच लागणार होता. पण पुढचा आठवडाभर मी प्रत्येक विषयात 'धरून चला' शोधत बसले. डेल्टा फंक्शनची रुंदी शून्य, उंची अनंत आणि क्षेत्रफळ एक, धरून चला. इंटिग्रल आणि बेरीज यांची अदलाबदल करता येते, धरून चला. या सगळ्यावर खरी यंत्रं चालतात, म्हणजे ते खरं असणारच, याबद्दल मला शंका नव्हती. ते खरं का आहे, हे मला कळायला हवं होतं.

म्हणून मी विद्यापीठाच्या गणित विभागात गेले. तिथल्या एका मॅडमनी माझा प्रश्न पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "याचं प्रामाणिक उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागतील. बसशील?"

मी बसले. दोनाऐवजी साडेतीन वर्षं बसले आणि विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीबरोबर गणिताची पदवी घेऊनच उठले. ते कसं जमलं, कुठे जमलं नाही, हे इथे लिहिते आहे. या वाटेने जाऊ पाहणारी मुलं मला भेटतात आणि त्यांना बहुतेक वेळा फक्त 'वेळेचं नियोजन करा' एवढाच सल्ला मिळालेला असतो.

आधी शब्दांचा गोंधळ सोडवते, कारण माझे पहिले दोन महिने त्यातच गेले. ड्युअल डिग्री, डबल मेजर आणि मायनर हे शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. एकाच शाखेत पदवी आणि पदव्युत्तर पदवी सलग पाच वर्षांत देणाऱ्या एकात्मिक अभ्यासक्रमालाही ड्युअल डिग्री म्हणतात. त्याला प्रवेश एकदाच घ्यायचा असतो आणि वाट आखलेली असते. डबल मेजरमध्ये साधारणपणे पदवी एकच मिळते, तिच्यावर मुख्य विषय दोन असतात. मायनर म्हणजे दुसऱ्या विषयाचे पाच-सहा पेपर. मी केलं ते यांपैकी काहीच नव्हतं. दोन स्वतंत्र पदव्या, दोन स्वतंत्र विभाग, आणि दोघांच्याही सगळ्या अटी पूर्ण करायच्या. अर्ज करण्याआधी आपल्या विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेत यातला कोणता शब्द कोणत्या अर्थाने छापला आहे ते स्वतः वाचावं. मी तो कार्यालयात विचारला आणि तीन खिडक्यांवर तीन वेगळी उत्तरं मिळाली.

परवानगीसाठी दोन सह्या लागल्या. गणिताच्या विभागप्रमुखांनी लगेच केली. आमच्या विभागप्रमुखांनी मला समोर बसवून एकच गोष्ट विचारली, "दोन्हीपैकी एक सोडायची वेळ आली तर कोणती सोडशील?" मी म्हटलं, गणित. त्यांनी सही केली. पुढे एकदा ती वेळ खरंच आली तेव्हा माझं उत्तर बदललेलं होतं, पण त्या दिवशी मी खोटं बोलले नव्हते. घरी आईने विचारलं, "एकच नीट केलं तर चालणार नाही का गं?" बाबांनी फक्त किती वर्षं ते विचारलं. मी पाच सांगितली आणि ती पाचच झाली.

आता श्रेयांक. सगळे जण इथूनच सुरुवात करतात, मीही केली. अभियांत्रिकीच्या गणिताचे चार पेपर माझे झालेले होते, त्यामुळे गणिताच्या पदवीतलं तेवढं ओझं कमी होईल असा माझा हिशेब. गणित विभागाने चारांपैकी दोनच मान्य केले, कॅल्क्युलस आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. लिनियर अल्जिब्रा पुन्हा करायला सांगितला. मला तेव्हा तो अन्याय वाटला होता, कारण मॅट्रिक्स उलटवणं, आयगेन व्हॅल्यू काढणं हे सगळं मला झोपेतही येत होतं. शिवाय एकच पेपर दोन्ही पदव्यांत किती वेळा मोजायचा यालाही मर्यादा होती. ती मर्यादा बहुतेक ठिकाणी असते आणि असायलाही हवी, नाहीतर दुसरी पदवी ही पहिलीचीच झेरॉक्स होईल.

खरी अडचण श्रेयांकांत नसून साखळीत होती. रिअल अ‍ॅनालिसिसचा, म्हणजे लिमिट आणि अनंत बेरजा काटेकोरपणे सिद्ध करण्याच्या विषयाचा, पहिला पेपर झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, दुसऱ्याशिवाय मेझर थिअरी नाही, आणि पहिला पेपर वर्षातून एकदाच, विषम सत्रात शिकवला जातो. तो एकदा हुकला की सगळी पदवी वर्षभर पुढे सरकते, मग बाकीचे श्रेयांक कितीही जमवलेले असोत. अभियांत्रिकीत आम्ही याला क्रिटिकल पाथ म्हणतो. प्रकल्पातली अशी लांबलचक साखळी, जिच्यातला एका दिवसाचा उशीर म्हणजे पूर्ण प्रकल्पाला एका दिवसाचा उशीर. मी दोन्ही पदव्यांचे सगळे पेपर एका मोठ्या कागदावर चौकोनात लिहिले, कोण कोणावर अवलंबून आहे ते बाणांनी दाखवलं आणि सर्वांत लांब साखळी लाल केली. पाच वर्षांत मी घेतलेला प्रत्येक निर्णय त्या लाल रेषेकडे बघून घेतला. माझ्यासारखं काही करायचं मनात असेल तर नियोजनाचा दुसरा कुठलाही तक्ता करण्याआधी हा करा.

वेळापत्रकाबद्दल थोडंच सांगते. तास हलवता येतात, दुसऱ्या तुकडीत बसता येतं, एखाद्याच्या नोट्सवर निभावता येतं. प्रॅक्टिकल हलत नाही. तीन तास, ठरलेली बॅच, ठरलेलं टेबल, ठरलेला जोडीदार. म्हणून आधी प्रॅक्टिकल मांडायची आणि उरलेल्या भोकांत गणित बसवायचं. परीक्षा एकाच दिवशी येतात हे गृहीत धरून तारखा जाहीर झाल्या त्याच दिवशी अर्ज द्यायचा. मी एकदा दहा दिवस थांबले. दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि शेवटी मी एकाच दिवशी सकाळी इलेक्ट्रिकल मशिन्स आणि दुपारी अल्जिब्रा दिला. दोन्हीत पास झाले, पण त्या दुपारच्या पेपरातलं मला आजही काही आठवत नाही.

खरं शिक्षण अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या चाचणीत सुरू झालं. तीसपैकी सात गुण. एवढे कमी मला कुठल्याच परीक्षेत मिळाले नव्हते. पेपर हातात आला तेव्हा वाटलं, तपासणाऱ्याची चूक आहे. एका प्रश्नात अमुक सीक्वेन्सची लिमिट शून्य आहे असं व्याख्येवरून सिद्ध करायचं होतं. सीक्वेन्स होती एन अधिक एकचं वर्गमूळ वजा एनचं वर्गमूळ. मी छेद-अंश गुणून घेतले, खाली मोठी संख्या येते म्हणून उत्तर शून्य असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पाचपैकी एक गुण. मॅडमनी शेजारी लिहिलं होतं, "किती मोठा एन?"

त्या तीन शब्दांवर मी दोन रात्री घालवल्या. उत्तर शून्य येतं हे तर दिसतंच आहे, मग किती मोठा याने काय फरक पडतो? तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला पाच टक्के टॉलरन्सचे रेझिस्टर मोजत असताना ते लख्ख दिसलं. कारखान्याने पाच टक्के लिहून दिलेले असतात, म्हणजे प्रत्येक नग त्या पट्ट्यातच असेल असा करार असतो. लिमिटच्या व्याख्येतला एप्सिलॉन म्हणजे समोरच्याने मागितलेला टॉलरन्स. त्याने कितीही बारीक टॉलरन्स मागावा, मी त्याला असा एन देऊ शकले पाहिजे की ज्याच्या पुढचं प्रत्येक पद त्या पट्ट्यात बसेल. वर्गमुळांचा तो फरक एनच्या वर्गमुळाच्या दुपटीने एकाला भागून येणाऱ्या संख्येपेक्षा लहान असतो. तेव्हा एप्सिलॉनच्या वर्गाच्या चौपटीने एकाला भागा आणि त्याहून मोठा एन घ्या, करार पूर्ण. उत्तर माझ्याकडे आधीपासून होतं. मी त्याची हमी देत नव्हते. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना हे असंच शिकवीन म्हणाल्या. पुढच्या चाचणीत एकवीस मिळाले.

लिनियर अल्जिब्रा पुन्हा करताना माझा अन्यायाचा सूर महिनाभरातच विरला. सर्किट सोडवताना एक नोड, म्हणजे तारा जुळतात तो बिंदू, ग्राउंड (शून्य व्होल्टेज) धरायचा आणि उरलेल्या नोडची समीकरणं मांडायची, हे आम्ही पहिल्या वर्षापासून करत आलो होतो. दहा नोड असले तर नऊ समीकरणं. दहावं का नको, तर ते आधीच्या नऊंतून आपोआप निघतं, असं सांगितलं होतं. गणिताच्या वर्गात कळलं की सर्किट म्हणजे एक ग्राफ, कोणती तार कोणत्या नोडला लागते ते दाखवणारं त्याचं एक मॅट्रिक्स असतं, आणि सर्किट अखंड असेल तर त्या मॅट्रिक्सची रँक, म्हणजे खरोखर स्वतंत्र समीकरणांची संख्या, नोडच्या संख्येपेक्षा बरोबर एकने कमी येते. उरलेली ती एक मिती म्हणजे सगळ्या नोडचा व्होल्टेज सारख्याच मापाने वर चढवण्याची मुभा. ग्राउंड ठरवणं म्हणजे ती मुभा काढून घेणं. किरखॉफने आपले नियम १८४५ मध्ये मांडले आणि दोनच वर्षांनी, विद्युत मंडलं सोडवतानाच, ग्राफमधल्या झाडांबद्दलचं आपलं प्रसिद्ध काम केलं. म्हणजे मी ज्या दोन इमारतींमध्ये रोज धावत होते, त्या त्याच्या टेबलावर एकच होत्या.

मी दोन वह्या ठेवायचे. अभियांत्रिकीच्या वहीत उत्तराला एकक नसेल तर ते उत्तर नाही. गणिताच्या वहीत डाव्या पानावर फक्त विधान, उजवं पान दुसऱ्या दिवसापर्यंत कोरं, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून सिद्धता लिहायची. सुरुवातीला मी एक तास हे, एक तास ते असं करायचे. वेळेच्या हिशेबात ते सुंदर दिसायचं. प्रत्यक्षात एका विषयातून उठून दुसऱ्यात शिरायलाच माझी तीस-चाळीस मिनिटं जायची, कारण दोन्हीकडे 'बरोबर' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. एकीकडे बरोबर म्हणजे कामाला पुरेसं जवळ, दुसरीकडे बरोबर म्हणजे अपवादाला जागा नाही. एका तासात एका अर्थाने आणि दुसऱ्या तासात दुसऱ्या अर्थाने काटेकोर राहणं डोक्याला पेलत नाही. मग मी दिवस दोन तुकड्यांत कापला. दुपारपर्यंत गणित, नंतर अभियांत्रिकी, रविवारी पूर्ण दिवस जो विषय मागे पडला असेल तो. एकूण तास कमी झाले तरी काम जास्त होऊ लागलं.

या दोन अर्थांची गल्लत एकदा महागात पडली. सहाव्या सत्रात तिघांच्या गटाला डायोडचं एक सर्किट बनवून दाखवायचं होतं. डायोडमधला प्रवाह व्होल्टेजबरोबर घातांकी वाढतो, त्यामुळे त्याचं समीकरण साध्या बीजगणिताने सुटत नाही. आलेखावर लोड लाइन, म्हणजे उरलेल्या सर्किटची रेषा, ओढली की काही मिनिटांत काम होण्याइतकं उत्तर मिळतं. मी मात्र हट्टाने अचूक सूत्र शोधत आठवडा घालवला. ते मिळालंही, पण तोवर आमचं बोर्ड सोल्डरसुद्धा झालं नव्हतं. माझा जोडीदार शांत मुलगा, त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाला, "अगं, डायोडच्या दोन नगांतच तुझ्या त्या सूत्रापेक्षा जास्त फरक असतो!" त्याचं खरं होतं. मी त्या दोघांची माफी मागितली आणि रात्रभर बसून बोर्ड पूर्ण केलं.

त्या सुमारास मी पॉल डिरॅकबद्दल वाचलं. ज्याच्या नावाने आमचं डेल्टा फंक्शन ओळखलं जातं तो डिरॅक आधी विद्युत अभियंता होता. ब्रिस्टलमधून १९२१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी आणि १९२३ मध्ये तिथूनच गणिताची. अभियांत्रिकीने आपल्याला अंदाजी उत्तरं सहन करायला शिकवलं, एरवी आपण फक्त अचूक समीकरणांच्याच मागे लागलो असतो, असं त्याने पुढे सांगितलेलं आहे. डेल्टा फंक्शन तो निर्धास्त वापरत राहिला आणि लोराँ श्वार्त्सने त्याला पक्का गणिती पाया दिला तो १९४० च्या दशकात. त्या कामासाठी श्वार्त्सला १९५० मध्ये गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळालं. 'धरून चला' म्हणणारा आणि 'का' विचारणारा, दोघांचीही गरज होती. आधी कोणीतरी धरून चाललं नसतं तर नंतरच्याला सिद्ध करायला काही उरलंच नसतं. हे पटल्यावर माझा सिग्नल्सच्या सरांवरचा उरलासुरला रागही गेला.

अशी माणसं शोधण्याचा मला नादच लागला. क्लॉड शॅननने १९३६ मध्ये मिशिगन विद्यापीठातून दोन पदव्या घेतल्या, विद्युत अभियांत्रिकी आणि गणित, म्हणजे अगदी माझ्याच. पुढच्याच वर्षी त्याने प्रबंधात दाखवलं की रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या जाळ्याला बूलचं फक्त ० आणि १ चं बीजगणित चपखल लागू पडतं. जॉन फॉन नॉयमनला गणितच करायचं होतं, पण वडिलांना पोटापाण्याचं शिक्षण हवं होतं. त्याने झुरिचला केमिकल इंजिनीअरिंग केलं आणि त्याच काळात बुडापेस्टच्या विद्यापीठात नाव घालून परीक्षेपुरता तिथे जात राहिला. १९२६ मध्ये झुरिचची पदवी आणि बुडापेस्टची गणितातली डॉक्टरेट दोन्ही हातात. मी काही फॉन नॉयमन नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण वाईट आठवड्यात ही तीन नावं वहीच्या पहिल्या पानावर वाचताना आधार वाटायचा.

वाईट आठवडे पाचव्या सत्रात सर्वाधिक आले. नेहमीचा भार बावीस श्रेयांकांचा, मी एकोणतीस घेतले होते. चौथ्या आठवड्यात मी एकच ओळ पाच-पाचदा वाचू लागले. झोप उडाली. रूममेटने एका रात्री माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि म्हणाली, "तू गेले तीन दिवस माझ्याशी एक वाक्य पूर्ण बोललेली नाहीस." दुसऱ्या दिवशी मी सल्लागार मॅडमकडे गेले. त्यांनी तो मोठा कागद मागवला, लाल रेषा बघितली आणि लाल रेषेवर नसलेला एकच पेपर, टोपॉलॉजी, खोडला. "हा सातव्यात घे. याच्यावर काही अडलेलं नाही." पेपर सोडताना मला हरल्यासारखं वाटलं होतं आणि ते वाटणं आठवडाभर टिकलं. पण जड सत्रात एखादा पेपर सोडण्याची मुदत कोणती, हे सत्राच्या पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं असं आता मी प्रत्येकाला सांगते. माझी मुदत संपायला तेव्हा दोनच दिवस उरले होते.

त्याच सत्रात एक मोठा आनंदही मिळाला. तिसऱ्या सत्रात हार्मोनिक मिळवून बनवलेल्या चौकोनी तरंगाच्या कोपऱ्यांवर मला शिंगं दिसली होती. पन्नास हार्मोनिक घेतले, शंभर घेतले, शिंग बारीक झालं पण उंची हलेना. जर्नलमध्ये मी 'उपकरणाची त्रुटी' लिहून मोकळी झाले होते. अ‍ॅनालिसिसच्या दुसऱ्या पेपरात कळलं की उपकरण निर्दोष होतं. ते शिंग उडीच्या सुमारे ९ टक्के उंच राहतंच, कितीही पदं घ्या. प्रत्येक ठरावीक बिंदूपाशी बेरीज योग्य किमतीकडे जाते, पण सगळ्या बिंदूंवर एकाच वेळी एकाच टॉलरन्समध्ये बसत नाही. हेन्री विल्ब्रहॅमने हे १८४८ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे विसरलं गेलं आणि १८९९ मध्ये गिब्सने ते नेमकं मांडलं, म्हणून नाव गिब्सचं लागलं. मी जुनं जर्नल काढलं, 'उपकरणाची त्रुटी' वर रेघ मारली आणि खाली तारीख घालून खरं कारण लिहिलं.

शेवटच्या वर्षी वर्गातले सगळे पदवी घेऊन गेले. मी राहिले. खोल्यांमध्ये नवी मुलं आली, प्रयोगशाळेतल्या टेबलावर माझा जोडीदार नव्हता. पाचव्या वर्षाचं हे एकटेपण अर्ज करताना कोणी सांगत नाही. मला त्यातून तारलं ते प्रकल्पाने.

प्रकल्प दोन्ही विभागांना चालेल असा निवडला होता: रीड-सॉलोमन या चुका दुरुस्त करणाऱ्या कोडचा डिकोडर एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी आपण ठरवू शकतो अशा चिपवर, बनवायचा. रीड आणि सॉलोमन यांनी हा कोड १९६० मध्ये दिला. सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजतं किंवा फाटका क्यूआर कोडही वाचला जातो, तो याच घराण्यातल्या कोडमुळे. २५५ बाइटांच्या चौकटीत २२३ बाइट मजकुराचे आणि ३२ जादा, त्या बदल्यात कुठल्याही १६ बाइटांतल्या चुका दुरुस्त. अभियांत्रिकीला चालणारं यंत्र हवं होतं, गणिताला त्यामागच्या सांत फील्डची (मोजक्याच घटकांच्या अंकगणिताची) सिद्धता. एकाच कामाचे दोन अहवाल, पण एकातलं पान दुसऱ्यात वापरायचं नाही, असं दोन्ही मार्गदर्शकांनी लेखी ठरवून दिलं होतं. प्रवेशानंतर माझ्यासाठी कोणी केलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट.

या फील्डमध्ये बाइटच्या २५६ किमती म्हणजे २५६ घटक. बेरीज म्हणजे एक्सॉर, हातचा न घेता केलेली बिटांची बेरीज. गुणाकारासाठी आठव्या घाताची एक अविभाज्य, म्हणजे लहान बहुपदींच्या गुणाकारात न फुटणारी, बहुपदी निवडायची आणि तिने भागून बाकी घ्यायची. मी २८३ ही संख्या दर्शवते ती बहुपदी घेतली (सहगुणक बायनरी अंक म्हणून वाचले की २८३ येतात), कारण एईएस या कूटलेखनात तीच वापरतात आणि ती अविभाज्य आहे हे मी स्वतः तपासलं होतं. महिनाभर चाळीस-चाळीस बाइटांच्या चाचण्या चालल्या. एकही चूक सुटली नाही. मग पूर्ण २५५ बाइटांची चौकट दिली आणि सगळं कोसळलं. डिकोडर म्हणायचा, चूक दुरुस्त केली, सगळं ठीक. प्रत्यक्षात चुकलेला बाइट तसाच आणि भलताच एक चांगला बाइट बिघडवलेला. नऊ दिवस मी टायमिंग तपासलं, क्लॉक हळू केला, लॉजिक अ‍ॅनालायझर लावून बसले.

दहाव्या दिवशी सकाळी, गणिताच्या वेळेत, मी नुसत्या संख्या वहीत उतरवल्या. चूक साठाव्या जागी टाकली, त्याने नवव्या जागी दुरुस्ती केली. चूक ११० वर, दुरुस्ती ८ वर. चूक २०० वर, दुरुस्ती ४७ वर. फरक ५१, १०२, १५३. सगळे ५१ च्या पटीत. आणि ५१ गुणिले ५ म्हणजे २५५.

हात थरथरत होते. डिकोडर चुकीची जागा ओळखतो ती २ च्या घातावरून. त्यासाठी २ चे घात २५५ पायऱ्यांपर्यंत वेगवेगळे राहायला हवेत. माझ्या फील्डमध्ये ते ५१ पायऱ्यांनंतर पुन्हा १ वर येत होते. त्यामुळे ५१ च्या अंतरावरच्या सगळ्या जागा डिकोडरला एकच दिसत होत्या, आणि चाळीस बाइटांच्या चाचणीत हे उघड होणं शक्यच नव्हतं. घटकाची कोटी, म्हणजे त्याचे घात किती पायऱ्यांनी १ वर परततात ती संख्या, २५५ ला भाग देणारीच असते, हे लाग्रांजच्या प्रमेयातून येतं. अविभाज्य बहुपदी आणि प्रिमिटिव्ह बहुपदी (जिच्यात २ चे घात पूर्ण २५५ पायऱ्या वेगळे राहतात) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मी सहाव्या सत्रात शिकले होते, परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले होते. इथे मात्र मी अविभाज्य आहे तर प्रिमिटिव्हही असेल, असं धरून चालले होते.

क्यूआर कोडमध्ये वापरतात ती बहुपदी २८५ ची. दोन्ही संख्या बायनरीत लिहिल्या तर दोनच बिटांचा फरक. मी ती एक संख्या बदलली, पुन्हा सगळं सिंथेसाइझ केलं, म्हणजे चिपची जोडणी नव्याने तयार केली, आणि २५५ बाइटांच्या चौकटीत सोळा चुका टाकल्या. सोळाही दुरुस्त झाल्या. मी आधी मॅडमना फोन केला आणि मग नोकरीला लागलेल्या माझ्या त्या जोडीदाराला. तो म्हणाला, "टायमिंग नव्हतं ना?" मी म्हटलं, नव्हतं रे.

नोकरीच्या मुलाखतीत दोन पदव्यांचं कोणाला फारसं अप्रूप वाटलं नाही. सगळ्यांना त्या ५१ बद्दलच ऐकायचं होतं. केवळ बायोडेटावर एक ओळ वाढावी म्हणून कोणी हे करणार असेल तर मी त्याला मायनर घ्यायला सांगते. तेही उत्तम शिक्षण आहे आणि त्यात एक वर्ष वाचतं.

तिसऱ्या सत्रातल्या प्रश्नाचं उत्तर मला कितपत मिळालं? चौकोनी तरंगापुरतं पूर्ण मिळालं, डिरिश्लेने १८२९ मध्ये दिलेल्या अटींत ते बसतं. पण नुसतं सलग फंक्शन घेतलं तर त्याची सिरीज एखाद्या बिंदूवर भरकटूही शकते, हे एकोणिसाव्या शतकातच दाखवलं गेलं होतं. मग जवळजवळ सगळ्या बिंदूंवर तरी ती नीट जाते का? जाते, हे लेनार्ट कार्लसनने १९६६ मध्ये सिद्ध केलं. त्याची सिद्धता पदवीच्या अभ्यासक्रमात बसण्यासारखी नाही. ती शिकायला बसू का, असं मी मॅडमना निरोपाच्या दिवशी विचारलं. त्यांनी कपाटातून छापील पानांचा एक गठ्ठा काढून दिला. कामावरून आल्यावर रोज थोडं वाचते. डावं पान, उजवं पान, तीच पद्धत. गेल्या महिन्यापासून एका असमानतेपाशी अडले आहे.